लष्कराच्या पदरी विद्यार्थिनी

शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा आणि त्याच्या मोबदल्यात शिकणाऱ्याने सरकारची चाकरी करावी, हा करार काही नवा नव्हे; परंतु परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींशी असा करार अमेरिकेच्या सरकारने विसाव्या शतकात तीन वेळा केला, आणि निकड सरली किंवा खजिन्याची ओढाताण झाली की तिन्ही वेळा तो मोडीत काढला. जखमी शिपायाची शुश्रूषा ही नुसत्या दयाबुद्धीची बाब नसून ती एक विद्या आहे, तिला शरीरशास्त्राचे आणि रसायनाचे अधिष्ठान लागते, आणि म्हणून तिचे खरे स्थान विद्यापीठात आहे, हे त्या देशातील जाणत्या परिचारिका फार पूर्वीपासून सांगत आल्या होत्या. सरकारच्या कानी ते पडे मात्र तोफांचा आवाज सुरू झाल्यावरच.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या सैन्यातील परिचारिकांचे पथक अवघे सोळा वर्षांचे होते, आणि त्यातील स्त्रिया लष्करी इस्पितळांत रात्रंदिवस खपत असूनही त्यांना कोणताही हुद्दा नव्हता. लाखो तरुणांची भरती होऊ लागताच हे मनुष्यबळ अपुरे पडणार हे उघड झाले. त्यावर एक उपाय असा सुचविला गेला की उत्साही स्त्रियांना काही आठवड्यांचे जुजबी शिक्षण द्यावे आणि मदतनीस म्हणून इस्पितळांत धाडावे. लष्करी इस्पितळांची तपासणी करण्यासाठी नेमलेल्या ॲनी गुडरिच यांना हे मुळीच मान्य नव्हते. अर्धवट शिकलेल्या हातांत रुग्णाचा जीव सोपविण्यापेक्षा लष्कराने स्वतःचे परिचर्या विद्यालय काढावे, छावण्यांतील इस्पितळे हेच त्याचे वर्ग मानावेत आणि मुलींना पुरी तीन वर्षे शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. आणि २५ मे १९१८ रोजी युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी त्याला मंजुरी दिली. बेकर हे पूर्वी क्लीव्हलंड शहराचे महापौर होते, आणि त्यांचे मन वळविण्यात त्याच शहरातील फ्रान्सिस पेन बोल्टन यांचा मोठा वाटा होता. धनाढ्य घराण्यात जन्मलेल्या या बाईंनी तरुणपणी घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांबरोबर गरीब वस्त्यांतील आजारी माणसे पाहिली होती. पुढे पन्नास वर्षे या विषयाने त्यांची पाठ सोडली नाही, किंबहुना त्यांनीच या विषयाची पाठ सोडली नाही. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर महाविद्यालयाच्या आवारात चारशेहून अधिक पदवीधर तरुणी बारा आठवड्यांच्या शिबिरासाठी गोळा झाल्या होत्या आणि तेथून परिचर्या विद्यालयांत जाणार होत्या. परिचारिका होण्यासाठी पदवीधर मुलगी पुढे यावी, ही कल्पनाच तेव्हा कित्येक घरांना धक्का देणारी होती.

छावणीतील इस्पितळ म्हणजे लाकडी फळ्यांच्या लांबट बैठ्या इमारतींच्या रांगा आणि त्यांना जोडणाऱ्या झाकलेल्या वाटा. विद्यार्थिनींनी तेथे पाऊल ठेवून काही आठवडे लोटतात न लोटतात, तोच १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ आली. खाटांच्या मध्ये चादरी टांगून एकेका रुग्णाचा श्वास दुसऱ्यापासून वेगळा ठेवण्याची धडपड चाले. जागा संपली की ओसरीवर खाटा लागत. आणि ज्या मुलींनी अद्याप पाठ्यपुस्तकाची पहिली प्रकरणेही ओलांडली नव्हती, त्या नाडी मोजीत, कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवीत, निळे पडत चाललेले ओठ पाहत त्या खाटांमधून फिरत. गुडरिचबाईंचा आग्रह किती रास्त होता, हे पटविण्यास याहून कठोर पुरावा नको होता. कारण या रोगावर औषध नव्हते, आणि वैद्याचे शास्त्र हतबल झालेल्या त्या आठवड्यांत रुग्ण तगला तर तो बव्हंशी शुश्रूषेच्या बळावर तगला.

नोव्हेंबरात युद्धविराम झाला आणि अनेक मुली घरी परतल्या. उरलेल्यांसाठी विद्यालय चालू राहिले. पुढे ते वॉशिंग्टनचे वॉल्टर रीड आणि सॅन फ्रान्सिस्कोचे लेटरमन या दोन लष्करी रुग्णालयांत एकवटले. लष्करी रुग्णालयात सगळे रुग्ण पुरुष, तेव्हा बाळंतपण, बालरोग आणि स्त्रियांचे विकार शिकायचे कोठे, हा प्रश्न मुलींना मुलकी इस्पितळांत काही महिने पाठवून सोडविण्यात आला. गुडरिचबाई १९२३ साली येल विद्यापीठाच्या नव्या परिचर्या विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या विद्यापीठात एवढ्या पदावर बसलेली ती पहिलीच स्त्री. लष्करी छावणीत ज्या तत्त्वासाठी त्या भांडल्या, तेच येलमध्ये त्यांच्यामागून गेले. लष्कराने मात्र मंदीच्या काळात काटकसरीचे कारण पुढे करून १९३१ साली आपले विद्यालय बंद करण्याचे ठरविले.

दुसऱ्या महायुद्धाने तोच प्रश्न अधिक मोठ्या आकारात समोर आणला. बोल्टनबाई आता अमेरिकी काँग्रेसच्या सभासद होत्या, आणि त्यांनी मांडलेल्या कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १५ जून १९४३ रोजी सही केली. त्यातून उभे राहिलेले कॅडेट नर्स पथक लष्कराच्या नव्हे, तर सार्वजनिक आरोग्य खात्याच्या अखत्यारीत होते. फी, पुस्तके, करडा गणवेश आणि दरमहा तनखा सरकारचा. मुलीने फक्त युद्ध संपेपर्यंत लष्करी किंवा मुलकी, कोणत्याही निकडीच्या परिचर्येत राहण्याचे वचन द्यायचे. छत्तीस महिन्यांचा अभ्यास तीसवर आणला गेला. वर्ण वा वंश पाहून कोणाला वगळू नये, अशी अट कायद्यातच होती, आणि म्हणून ज्यांचे आईबाप नजरबंदीच्या छावण्यांत डांबले होते अशा जपानी वंशाच्या मुलींनाही त्या काळात हा दरवाजा उघडा मिळाला. माझ्या मते या कायद्याचे हे सर्वांत मोठे पुण्य. एक लाख वीस हजारांहून अधिक मुली या पथकातून शिकून बाहेर पडल्या. १९४८ साली तेही आटोपले.

तिसरा करार विद्यापीठाशी सर्वांत घट्ट बांधलेला होता. १९४७ च्या कायद्याने परिचारिकांना सैन्यात कायमची सनद मिळाली होती; आता त्या अधिकारी होत्या, आणि अधिकाऱ्याकडून पदवीची अपेक्षा करणाऱ्या सैन्यात इस्पितळाच्या तीन वर्षांच्या पदविकेवर आलेली बाई साहजिकच मागे पडे. म्हणून १९६४ साली वॉल्टर रीड येथे लष्कराची परिचर्या संस्था निघाली आणि मेरिलंड विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाशी तिची सांगड घातली गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या विद्यालयात शिकलेल्या लुईझा पार्सन्स यांनी १८८९ साली बाल्टिमोरला स्थापन केलेले परिचर्या विद्यालय ते हेच. नाइटिंगेलबाईंनी दिलेल्या नमुन्यावरून बेतलेली जाळीच्या झालरीची टोपी तेथील परिचारिकांच्या डोक्यावर पिढ्यान्पिढ्या दिसत आली होती.

नव्या व्यवस्थेत मुलगी पहिली दोन वर्षे आपल्या पसंतीच्या महाविद्यालयात घालवी. नाव सैन्याच्या दप्तरी, हुद्दा साध्या शिपायाचा, पगारही शिपायाचा. पण राहणे चारचौघींसारखे मुलींच्या वसतिगृहात, आणि दिवस रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र यांच्या तासांत जाणारा. पुढची दोन वर्षे वॉल्टर रीडमध्ये. डिलॅनो हॉल या परिचारिका निवासात तिने राहायचे, मेरिलंडच्या अध्यापिकांकडून शिकायचे आणि शेजारच्या वॉर्डांत काम करायचे. शेवटी हाती विद्यापीठाची पदवी आणि सैन्याची सनद एकदमच पडे, व त्यानंतर तीन वर्षांची चाकरी सुरू होई. ज्या बापाला मुलीच्या महाविद्यालयाची फी झेपण्यासारखी नव्हती, त्याच्या दृष्टीने हा करार म्हणजे घरबसल्या चालून आलेले भाग्यच होते.

परंतु तो काळ व्हिएतनामचा होता. या मुली ज्या आवारांत शिकत होत्या, तेथेच लष्कराविरुद्ध सभा भरत होत्या, मोर्चे निघत होते. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मारले गेले, तेव्हा सैन्याचा पगार घेणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रिणींच्या नजरेला नजर कशी दिली असेल, याचा विचार मनातून जात नाही. तिची बाजू समजण्यासाठी वॉल्टर रीडचे वॉर्डच पाहावे लागतात. हात वा पाय गमावलेले एकोणीस-वीस वर्षांचे शिपाई तेथे महिनोन्‌महिने पडून असत, म्हणजे रुग्ण आणि शुश्रूषा करणारी विद्यार्थिनी एकाच वयाची. तुटलेल्या पायाच्या थोटकावर आठाच्या आकड्याच्या वळणाने पट्टी बांधायची, टोकाकडे ती घट्ट आणि वर जाताना सैल ठेवायची, म्हणजे सूज उतरून पुढे कृत्रिम पाय नीट बसतो. पट्टी चुकली तर त्या मुलाचे चालणे लांबते. युद्ध योग्य की अयोग्य, हा वाद त्या खाटेपाशी निरर्थक होता, आणि ती पट्टी शिकणाऱ्या मुलीला कोणी युद्धखोर म्हणावे, हे मला अन्यायाचे वाटते. केंट स्टेटनंतर जेमतेम सव्वा महिन्याने, ११ जून १९७० रोजी, परिचारिका पथकाच्या प्रमुख ॲना मे हेज यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला. अमेरिकेच्या सैन्यात एवढ्या हुद्द्याला पोचलेली ती पहिली स्त्री. दोनच पिढ्यांपूर्वी ज्या पथकाला हुद्दाच नव्हता, त्या पथकाची ही मजल होती.

पुढे सक्तीची भरती थांबली, युद्ध संपले, आणि हिशेबनिसांचे लक्ष या संस्थेकडे गेले. परिचारिका म्हणून सनद हवी असेल तर विद्यापीठाची पदवी आवश्यक, असा दंडक खुद्द सैन्याने १९७६ साली घातला, आणि ती पदवी स्वतःच्या देखरेखीखाली घडविणारी संस्था १९७८ साली बंद केली. पदवी पाहिजे, पण तिचा खर्च आणि जबाबदारी दुसऱ्याची, असा हा व्यवहार झाला. चौदा वर्षांत १,२१९ परिचारिका तेथून बाहेर पडल्या होत्या. १९९३ साली बेथेस्डा येथील सेनादलांच्या विद्यापीठात परिचर्येची शाखा निघाली खरी, पण ती आधीच परिचारिका झालेल्यांच्या उच्च शिक्षणासाठी; शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे हा करार अधिक टिकाऊ निघाला. २८ मार्च १८८८ रोजी दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि येथील लष्करी इस्पितळांत शिक्षित परिचर्येचा पाया पडला. त्या सर्व विलायतेतून शिकून आलेल्या होत्या; आता ते शिक्षण येथेच मिळते. आज पुण्याच्या वानवडी भागातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुली सरकारच्या खर्चाने परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा करतात, त्यासाठी आधी करारनाम्यावर सही करतात, आणि उत्तीर्ण झाल्यावर लेफ्टनंटच्या हुद्द्याने लष्करी परिचर्या सेवेत रुजू होतात. मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयातही हीच व्यवस्था आहे. येथे तिला युद्धाची वाट पाहावी लागली नाही, आणि शांतता आली म्हणून तिचे दार लागले नाही.