कृती, आवृत्ती आणि प्रत

ठाणे परिसरातील वाचनालयांची परंपरा जुनी आहे; कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 मध्ये, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये स्थापन झाले. अशा संग्रहात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक, म्हणजे नोंदवहीतील त्याचा अनुक्रमांक, मिळतो; परंतु हा अंक हाती असलेल्या प्रतीचा असतो, तिच्यातील साहित्यकृतीचा नव्हे. हा भेद किती सूक्ष्म आहे, हे ठाण्याच्या संग्रहालयाचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे यांच्याच ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथावरून उत्तम रीतीने कळते. भावे यांचे निधन 1926 मध्ये झाले आणि पुढील काळात अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांची विस्तृत पुरवणी जोडून हा ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा 7.5 × 12.5 सेंटिमीटरच्या तालिकापत्रावर, म्हणजे ग्रंथाच्या नोंदीच्या जाड कार्डावर, ही भाव्यांचीच कृती मानावी की पुरवणी ही स्वतंत्र कृती समजून तुळपुळ्यांच्या नावे वेगळे पत्र करावे, हा प्रश्न उभा राहतो. वेगळे पत्र करणेच न्याय्य होय, कारण पुरवणीतील विचार आणि श्रम दुसऱ्या अभ्यासकाचे आहेत, आणि तुळपुळ्यांचे लेखन शोधणाऱ्या वाचकाला ते एरवी सापडणारच नाही. याच भेदाविषयी ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1998 मध्ये कृती, तिचा शब्दरूप आविष्कार, प्रकाशित आवृत्ती आणि प्रत अशा चार पायऱ्या मांडल्या. त्यानुसार भाषांतर हा मूळ कृतीचाच आविष्कार ठरतो, तर कादंबरीवरून रचलेले नाटक ही नवी कृती ठरते.