व्याघ्रगणना
विशिष्ट काळात एखाद्या वनप्रदेशात वास्तव्य करणाऱ्या वाघांची संख्या ठरविण्याच्या कार्यास व्याघ्रगणना म्हणतात. ‘गणना’ हा शब्द येथे सैलपणे वापरला जातो. वाघ हा बहुतांशी निशाचर, एकांतप्रिय व विरळ वस्तीचा प्राणी असल्यामुळे त्याची शिरगणती अशक्यप्राय असते. हाती येतो तो अंदाजच. भारतात ही गोष्ट शासकीय पातळीवर मान्य होण्यास सु. चार दशके लागली.

ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी १९६६ मध्ये पाऊलठशांवरून वाघ मोजण्याची पद्धती मांडली. ठरलेल्या दिवसांत वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रातील पायवाटा, नाल्यांची वाळू व पाणवठ्यांचे काठ धुंडाळीत, वाघाच्या मागील डाव्या पायाचा ठसा काचेवर गिरवून कागदावर उतरवीत आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचाही घेत. ठशांच्या तुलनेवरून वेगवेगळे वाघ ओळखले जात. या पद्धतीने १९७२ मध्ये झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले. पुढील वर्षी १ एप्रिल रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पास या आकड्याचा आधार होता. प्रारंभीच्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटाचा समावेश होता.

पद्धती स्वस्त होती आणि तिच्या निमित्ताने वनकर्मचारी जंगल पायाखाली घालीत, हा तिचा मोठाच गुण. परंतु प्रत्येक वाघाचा ठसा निराळा ओळखता येतो व सर्व वाघांचे ठसे सापडतात, ही दोन्ही गृहीतके कच्ची होती. माती, उतार व चाल यांनुसार एकाच जनावराचा ठसा बदलतो. के. उल्हास कारंथ यांनी १९८७ मध्ये हे दोष दाखवून दिले. तथापि पद्धती चालूच राहिली. वाढती संख्या हे यशाचे माप ठरल्यावर घटलेला आकडा कळविणेही गैरसोयीचे झाले असावे. २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ असल्याचे नोंदले गेले. राजस्थानातील सरिस्का राखीव क्षेत्रात २००४ च्या गणनेनुसार १६ ते १८ वाघ होते. २००५ मध्ये तेथे एकही उरला नसल्याचे सिद्ध झाले. शिकाऱ्यांनी ते संपविले होते. कागदावरील वाघ मात्र अखेरपर्यंत जिवंत होते.

याच वर्षी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने नव्या पद्धतीचा पुरस्कार केला. तिचा शास्त्रीय पाया कारंथ यांनी १९९० नंतर नागरहोळे येथे घातला होता. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येक जनावरात भिन्न असतात व दोन्ही कुशींवरही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर स्वयंचलित कॅमेरे लावतात. टिपलेले वाघ पुन्हा किती वेळा टिपले जातात, यावरून न टिपलेल्यांची संख्या गणिताने काढता येते व अंदाजातील संभाव्य चूकही सांगता येते. जुन्या पद्धतीत नेमके हेच शक्य नव्हते.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २००६ मध्ये केलेल्या पाहणीत १,४११ (१,१६५ ते १,६५७) वाघ आढळले. सुंदरबनचा त्यात समावेश नव्हता. ३,६४२ वरून ही चार वर्षांतील घट मानणे चुकीचे होय. मोजण्याची रीतच बदलली होती. २०१८ मध्ये २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून सु. ३.४८ कोटी छायाचित्रे मिळविण्यात आली व २,९६७ वाघांचा अंदाज निघाला. २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला. महाराष्ट्रातील संख्या २००६ मधील १०३ वरून २०२२ मध्ये ४४४ वर गेली. अर्थात पाहणीचा विस्तारही या काळात वाढला. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून केली जाणारी पाणवठ्यावरील प्राणिगणना लोकप्रिय असली, तरी तिचे आकडे या अंदाजात धरले जात नाहीत.

नवी पद्धतीही वादातीत नाही. कॅमेरे सर्वत्र लावता येत नसल्याने उरलेल्या जंगलातील संख्या वाघांच्या खाणाखुणा, चितळ-सांबरांसारखे भक्ष्य व वनाच्छादन यांवरून ठरवितात. खुणा व संख्या यांतील हा संबंध स्थिर नसतो, असा आक्षेप २०१५ मध्ये काही संशोधकांनी घेतला. या खुणांसाठी वनरक्षकास आजही ठरलेल्या वाटेने चालावे लागते. वाळूतील ठसा तो आता काचेवर गिरवीत नाही. भ्रमणध्वनीवरील ‘एम-स्ट्राइप्स’ या प्रणालीत स्थळासह नोंदवितो. त्या ठशावरून तेथे वाघ आहे एवढेच कळते.