अनुसूचीतील बोट : ठाण्याचा औद्योगिक पट्टा आणि अपंग कामगारांच्या सोयींचा प्रश्न

ठाण्यातील वर्तकनगर ही कारखान्यांच्या सान्निध्यात वाढलेली वसाहत. गृहनिर्माण मंडळाच्या इमारती, शेजारून जाणारा पोखरण रस्ता, त्या रस्त्यावर 1925 मध्ये स्थापन झालेली रेमंडची लोकर गिरणी आणि थोड्या अंतरावर वागळे इस्टेट, जेथे 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा प्रारंभ झाला. अशा पट्ट्यांचा इतिहास प्रामुख्याने उत्पादन, संप आणि टाळेबंदी यांच्या अंगाने लिहिला जातो. यंत्रावर हात गमावलेला कामगार दुसऱ्या दिवसापासून कोणते काम करू लागला, किंबहुना त्याला काम उरले की नाही, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

या प्रश्नाचे पहिले कायदेशीर उत्तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दिले, आणि ते उत्तर टक्केवारीत होते. पुढे दुरुस्त झालेल्या अनुसूचीनुसार संपूर्ण अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के, तर्जनी गेल्यास 14 टक्के, मधले बोट गेल्यास 12 टक्के आणि एक डोळा गेल्यास, दुसरा शाबूत असता, 40 टक्के घटली असे मानले जाई. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्यानेही अशीच अनुसूची स्वीकारली. वागळे इस्टेटमधील कामगार विमा रुग्णालयात उपचार झाले, वैद्यकीय मंडळाने क्षमतेची घट ठरविली आणि तदनुसार लाभ मंजूर झाला की कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटे. याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाने यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती केली होती. अपघातानंतर मात्र त्या यंत्राकडे कोणी वळून पाहत नसे. तर्जनी नसलेल्या हातासाठी यंत्राची कळ दुसरीकडे बसविता येईल का, असा प्रश्न विचारण्याचे बंधन मालकावर नव्हते.

याहून कठोर तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती. 1953 मध्ये या कायद्यात 'कामगार कपाती'ची व्याख्या आली, तेव्हा सततच्या अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती तीतून वगळण्यात आली. परिणामी अशा कामगाराला कपातीच्या भरपाईवरही हक्क सांगता येत नसे. विमा कायद्याने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असेपर्यंत त्याला कामावरून काढण्यास मनाई केली होती. लाभाची मुदत संपली की हे संरक्षणही संपे. उरे ती 'लाइट ड्यूटी'. भांडारात, फाटकावर वा उपाहारगृहात हलके काम देण्याची ही प्रथा कामगारवस्तीत सर्वांच्या परिचयाची होती. आजच्या परिभाषेत जिला वाजवी सोय म्हणतात तिचे हे देशी पूर्वरूप होय, असे म्हणण्यास हरकत नाही. फरक एवढाच की ती व्यवस्थापकाच्या मर्जीने अथवा युनियनच्या वजनाने मिळे, आणि दोन्ही बदलली की जाई.

सरकारी प्रयत्नांची दिशा वेगळी होती. 1959 मध्ये मुंबईत अपंगांसाठी विशेष सेवायोजन कार्यालय निघाले; 1977 मध्ये केंद्र सरकारने खालच्या दोन श्रेणींतील पदांत 3 टक्के आरक्षण ठेवले. या उपक्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यांत माणूस कामाला जुळविला जाई. काम माणसाला जुळविण्याचा विचार अद्याप दूर होता.

1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या कलम 47 ने प्रथमच असे म्हटले की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता वा पदावनत करता येणार नाही. योग्य पद मिळेपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करावे. पाय कापावा लागलेल्या केंद्रीय दलातील एका शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये याच कलमाचा आधार दिला. परंतु कायद्यातील 'आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत सरकारी व शासकीय अनुदानित संस्थाच होत्या. पोखरण रस्त्यावरील खासगी कारखान्याचा कामगार त्या व्याख्येच्या बाहेर राहिला.

विचारातील खरे वळण 2009 मध्ये आले. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या एका निवड झालेल्या उमेदवाराला भारतीय स्टेट बँकेने वैद्यकीय कारणावरून नाकारले होते. मुंबई उच्च न्यायालयाने भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याचा आधार घेतला आणि वाजवी सोय करून देण्याचे कर्तव्य घटनेच्या अनुच्छेद 21 शी जोडले. त्याच वर्षी ठाण्यातील रेमंड गिरणीतील उत्पादन थांबले. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही. तरीही अभ्यासकाला त्या शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. यंत्र माणसाप्रमाणे बदलावे हे तत्त्व न्यायालयात मान्य होत असताना ती यंत्रेच या पट्ट्यातून निघून चालली होती.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने वाजवी सोयीची व्याख्या केली: प्रमाणाबाहेरचा वा अवाजवी बोजा न पडता, त्या त्या व्यक्तीच्या बाबतीत करावयाचे आवश्यक फेरफार. ही गरज व्यक्तिगणिक ठरवावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. अनुसूचीच्या टक्केवारीला छेद देणारा हा विचार आहे, कारण एकाच बोटाची किंमत लेखनिकाला व फिटरला सारखी नसते. दरम्यान 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले; टक्केवारीची अनुसूची मात्र त्यांतही आहे.

जुनी भिंतही पुरती पडलेली नाही. अधिनियमाच्या कलम 20 नुसार सोय करून देण्याचे थेट बंधन सरकारी आस्थापनांवरच आहे. खासगी मालकाने समान संधी धोरण जाहीर करावयाचे असते, आणि 2017 च्या नियमांनुसार त्यातील तपशील, म्हणजे योग्य पदांची यादी, साहाय्यक साधने, संपर्क अधिकारी, ज्यांच्याकडे 20 वा अधिक कर्मचारी आहेत त्यांनाच लागू होतो. गिरणीच्या जमिनीवर आता निवासी मनोरे उभे आहेत. तेथील सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उद्वाहन दुरुस्त करणारे मिस्त्री अनेकदा लहान ठेकेदारांच्या पटावर असतात, आणि अशा ठेकेदाराकडील माणसांची संख्या 20 च्या आत राहिली की त्याच्या धोरणात सोयींचा मोघम उल्लेख पुरतो.