ज्या मुलुखाचे पाणी, त्या मुलुखाची वाणी?

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काही ऐतिहासिक' लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. बी. ए.ला तो विषय घेतला होता आणि पुढे तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली चाळल्या, एवढेच आमचे भांडवल. परंतु बदली होऊन चेन्नईस आल्यापासून एक प्रश्न आमचा पिच्छा पुरवीत आहे. जो मनुष्य पोटापाण्यासाठी परमुलखात जाऊन राहतो, त्याने तेथील भाषा बोलावी अशी अपेक्षा धरणे न्याय्य आहे काय?

मुंबई-पुण्याचे आप्त भेटले की त्यांचे उत्तर तयार असते. महाराष्ट्रात राहायचे तर मराठी आलीच पाहिजे! आम्हीही मान डोलावतो. मग त्यांच्यातलाच कोणी सहज विचारतो, "तुम्हाला तमिळ आता छान येत असेल, नाही?" आणि आम्ही विषय बदलतो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हास प्रथम तंजावर आठवले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तेथे राज्य स्थापन केले आणि 1855 साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर पुरुष वारस नाही म्हणून इंग्रजांनी ते खालसा केले. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षे कावेरीच्या काठी मराठी राजघराणे नांदले. हे लोक काही मजुरी शोधत आलेले नव्हते, राज्यकर्ते होते. भाषा लादण्याचे सामर्थ्य त्यांच्या हाती होते. त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे 1684 मध्ये गादीवर आले. त्यांच्याआधीच्या नायक राजांच्या दरबारात तेलुगू ही काव्याची भाषा होती. शहाजींनी ती मोडून काढली नाही. स्वतः तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' रचले. मराठीतले अगदी आरंभीचे नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते 'लक्ष्मीनारायण कल्याण'ही त्यांचेच, आणि 'पंचभाषाविलास' या त्यांच्या नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदतात, त्यांत तमिळही आहे. त्यागराजांनी आपल्या तेलुगू कृती रचल्या त्या याच मराठी राज्यात, तिरुवैयारूस बसून. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कीर्तनपरंपरेचा तमिळ प्रांतातील हरिकथेवर ठसा उमटला, तो उमटण्यासाठी कीर्तनकाराला ऐकणाऱ्याच्या भाषेत यावे लागलेच असणार.

परंतु घरची भाषा त्यांनी सोडली नाही. सरफोजीराजांनी (1798 ते 1832) बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र 1803 साली मराठीत कोरविले. त्यांच्याच छापखान्यातून 1806 मध्ये इसापाच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक निघाले. मराठीच्या अगदी प्रारंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. पुण्यात पेशवाई नांदत असताना मराठी पुस्तक छापले जाते ते तंजावरास! सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांच्या शेजारी मराठी हस्तलिखितेही हजारोंनी आहेत. याच मुलखातल्या देशस्थ घरात, कुंभकोणम् येथे 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. मल्याळी, हिंदी आणि गुजराती मुलखांत कारभार करताना 'मला घरची भाषा पुरे' असे म्हणून त्यांचे भागले नसते.

तंजावर हे राज्यकर्त्यांचे उदाहरण झाले. आपल्यासारख्या सामान्यांचे म्हणाल तर उत्तरेकडे पाहावे. देवघरजवळच्या करौं गावी 1869 साली जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहीत. इंग्रजी राजवटीत देश कसा नागवला गेला याचा हिशेब मांडणारा त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ 1904 साली निघाला आणि इतका परिणामकारक ठरला की 1910 मध्ये सरकारला तो जप्त करावा लागला. शिवरायांवरच्या त्यांच्या बंगाली पुस्तिकेला जोडून रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता आली. बंगालला शिवाजी समजावून सांगणारा मराठी माणूस मराठीत सांगत बसला असता तर कोणी ऐकले असते? त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर काशीचे. 1920 मध्ये निघालेल्या 'आज' दैनिकाला त्यांनी नावारूपास आणले. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि पुढे टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. मुक्तिबोध बंधूंची गोष्ट तर विलक्षणच आहे. गजानन माधव हिंदीचे थोर कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीचे, आणि घर एकच! धारवाडच्या बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलली जाई. त्यांना 1973 चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड काव्यासाठी. साताऱ्यास जन्मलेल्या काका कालेलकरांना गांधीजी 'सवाई गुजराती' म्हणत. आणि बंगळूरच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड तमिळ शिकून पुढे कोण झाले, हे चेन्नईकरांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

यांपैकी कोणावर सक्ती झाली होती? आमच्या वाचनात तरी तसे आले नाही. मात्र सक्ती नव्हती म्हणून अपेक्षाही नव्हती, असे म्हणता येत नाही. ज्यांच्यात राहतो त्यांच्याशी बोलायचे असेल तर ती अपेक्षा आपोआप उभी राहते. आमचे म्हणणे एवढेच की अपेक्षा धरणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. आपल्या कोकणातले बेने इस्रायल 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्या देशाने नवागतांकडून हिब्रूची अपेक्षा ठेवली, पण 1949 पासून त्यासाठी 'उल्पान' नावाच्या शाळाही उघडल्या. पुढे तिथल्या आपल्या लोकांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही चालविले. शिकवायचे नाही आणि येत नाही म्हणून दरडावायचे, हा प्रकार मात्र आम्हास मान्य नाही, मग तो चेन्नईत होवो की मुंबईत.

आपल्या राज्यघटनेतही दोन्ही बाजूंचे भान आहे. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्यांनी सोय करावी, असे सांगतो. भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्याला ज्या राज्याचा संवर्ग मिळेल तेथील भाषेची परीक्षा द्यावी लागते. आम्हा केंद्रीय कार्यालयांतल्या मंडळींना मात्र तसे बंधन नाही. आम्ही हिंदीची प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ यांची नावे घेतो आणि 'आज येथे, उद्या तेथे' म्हणून मोकळे होतो.

या मोकळेपणाची किंमत कोण देते, हे आम्ही एकदा स्वतः पाहिले. कार्यालयाचे नाव सांगत नाही, चूक आमचीच होती. तिरुनेलवेलीकडची एक वृद्धा कुटुंबनिवृत्तिवेतनाची थकबाकी मागायला आली. अर्ज तमिळमध्ये. आमचा तमिळ लेखनिक रजेवर. आम्ही हातवारे करून तिला 'पुढच्या आठवड्यात' असे सांगितले. ती आली तेव्हा आम्ही दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेस लेखनिकाने अर्ज वाचून दाखविला. त्यात पहिल्याच ओळीत लिहिले होते की मला डोळ्यांनी दिसत नाही, वारंवार येणे जमणार नाही, तरी जे कागद हवेत ते एकदाच सांगावेत. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तमिळ बाराखडीचे पुस्तक आणले. आमच्या सौभाग्यवतींना हसू आवरेना. त्या भाजीवाल्या अम्मांशी दुसऱ्या वर्षापासूनच घासाघीस करीत होत्या, तीही तमिळमध्ये.

गेल्या वर्षी बृहदीश्वराचा तो शिलालेख पाहायला गेलो. भिंतीपाशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. आमचे बोलणे ऐकून ते मराठीत बोलू लागले. हेल तमिळ, अधूनमधून शब्दही तमिळ, पण मराठीच. घरात पिढ्यानपिढ्या हीच भाषा, म्हणाले, मात्र अक्षर वाचता येत नाही. लहानपणापासून ही भिंत पाहतो, तीवर काय आहे ते वाचून दाखवाल काय? आम्ही चष्मा लावला आणि अडखळत वाचू लागलो. दगड झिजला आहे, वळणही जुने, तेव्हा चार ओळींना बराच वेळ लागला. ते हात जोडून ऐकत होते. बाहेर पडताना दाराशी एक तमिळ फलक होता. आम्ही एकेक अक्षर जुळवून वाचला, एका ठिकाणी चुकलो, आणि त्यांनी दुरुस्त केले.