आरेचे कुरण आणि आपण



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी एखादी पाककृती लिहून देत असे. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "या खेपेस आपल्या आरेचा इतिहास लिहा." माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. तरी वाचनालयातील जुनी कात्रणे चाळली, सासूबाईंना विचारले आणि जे उमगले ते लिहीत आहे.

सासूबाई १९७० साली लग्न होऊन गोरेगावास आल्या. पहाटे दुधाचे कार्ड व रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रापुढे रांगेत उभे राहावयाचे, हीच त्यांची आरेची पहिली ओळख. परंतु त्या दुधामागे मोठा विचार होता. पूर्वी म्हशींचे तबेले मुंबईच्या दाट वस्तीतच असत. घाण, माशा आणि पाणी घातलेले दूध, असा सारा प्रकार होता. तबेले शहराबाहेर न्यावेत व लोकांना स्वच्छ दूध मिळावे म्हणून १९४९ साली आरे वसाहत स्थापन झाली. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ही योजना उभारणाऱ्या दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. जमीन ३,००० एकरांहून अधिक, तबेले ३२ आणि सोय सुमारे १६,००० जनावरांची. त्यांच्यासाठी कुरणे राखली, झाडे लावली. वारल्यांचे पाडे तर तेथे आधीपासूनच होते. अशा रीतीने गुरांच्या निमित्ताने शहराच्या कडेला हिरवळ राखली गेली.

पुढे त्या हिरवळीतून एकेक तुकडा निघू लागला. १९७७ साली चित्रनगरी झाली, तिला सुमारे ५२० एकर गेले. राखीव पोलीस दल आले, इतर संस्था आल्या, झोपड्या वाढल्या, उंच इमारतीही उठल्या. प्रत्येकाची गरज खरीच होती. पण डब्यातून मूठमूठ पीठ काढले, तर कमी झालेले दिसत नाही. पाहुणे आले म्हणजे कळते. १९९१ च्या विकास आराखड्यात आरे 'ना विकास क्षेत्र' होते. म्हणजे कागदावर कुंपण होते. परंतु दुधाचे महत्त्व ओसरले, तशी लोक त्या जमिनीला 'रिकामी' म्हणू लागले. गवताला कोणी वापर मानीत नाही.

गवताचा वापर मला २६ जुलै २००५ रोजी कळला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ओशिवरा नदी आरेच्याच टेकड्यांतून निघून गोरेगावातून वाहते. आमच्या तळमजल्यात पाणी पलंगाच्या वर चढले. दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन मी रात्रभर जिन्यात बसले होते. तेवढा पाऊस कुठल्याच कुरणाला पेलला नसता, हे खरे. परंतु माती पाणी पिते आणि डांबर ते खाली लोटते, एवढे समजावयास सातवी पुरते.

पुढे मेट्रोच्या कारशेडसाठी आराखड्यात बदल करून सुमारे ३३ हेक्टर जागा वगळली गेली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. त्या रात्री आमच्या वाडीतील मुले तिकडे धावली. माझी मुलगीही निघाली होती. मी दाराला आतून कडी घातली. ती सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

२०२० साली कारशेड कांजूरमार्गास नेण्याचे ठरले, आरेतील सुमारे ८०० एकर राखीव वन करण्याचेही जाहीर झाले. २०२२ साली कारशेड पुन्हा आरेतच आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी सुरू झाली. आज माझी तीच मुलगी त्याच मेट्रोने वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीस जाते. पूर्वी लोकलच्या गर्दीने तिचा जीव अर्धा होत असे. ती वेळेवर घरी येते, मला बरे वाटते, आणि ती कडीही आठवते. म्हणून मी कोणाला दोष देत नाही. आपणही त्या डब्यातील मूठ घेणारेच आहोत.

परंतु हातावर हात ठेवून बसावे असेही नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराचा नवा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी हरकती घेतल्या आणि सरकारला तो नव्याने करण्यास सांगावे लागले. हरकत म्हणजे मुदतीत दिलेला साधा अर्ज. आपण हळदीकुंकवाला रोपे वाटतो, ते चांगलेच आहे. त्याबरोबर महिन्यातून एकदा वर्तमानपत्रातील आराखड्याच्या सूचना मंडळात वाचू या. अर्ज कोणी लिहावयाचा, असा प्रश्न पडल्यास मी लिहीन. अक्षर बरे आहे.

कडी घालणे एकदा झाले, तेवढे पुरे. चूकभूल द्यावी घ्यावी.