मध्यरात्रीची कढई : अवेळच्या भुकेचा तेलकट आधार

रात्री अकराच्या सुमारास घराघरांतील स्वयंपाकघरे आवरली जातात आणि त्याच वेळी रस्त्याच्या कडेला दुसरे स्वयंपाकघर मांडले जाते. स्थानकाबाहेरची अंडाभुर्जीची गाडी, चौकातील चायनीज, लोण्यात न्हालेली पावभाजी, महामार्गावरील ढाब्याची शेवभाजी, गोव्यातील गाड्यांवरचे रस-आमलेट हे या स्वयंपाकघरातील ठरलेले पदार्थ. त्यांच्यावर तेलकट, पचायला जड आणि प्रकृतीला अपायकारक असा शिक्का केव्हाच बसला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि, यांतील बहुतेक पदार्थ केवळ जिभेच्या चोचल्यांतून जन्मलेले नाहीत. अवेळी राबणाऱ्या माणसाला स्वस्तात, उभ्याउभ्या आणि पोटभर खायला मिळावे, या गरजेने त्यांना घडविले. ती गरज आजही कायम असल्याने रात्रीच्या गाडीचा प्रश्न केवळ पथ्याचा किंवा केवळ अतिक्रमणाचा मानून सुटणारा नाही.

भोंग्याच्या वेळा आणि पाव

मुंबईतील रात्रीच्या खाण्याचा इतिहास कापूस आणि कापड यांच्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापसाला इंग्लंडमधून प्रचंड मागणी आली. बाजारात रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या मंडळींसाठी उरल्यासुरल्या भाज्या तव्यावर रगडून पावभाजी तयार झाली, अशी एक कथा सांगितली जाते. दुसरी कथा तिचा संबंध गिरणी कामगारांच्या जेवणाच्या छोट्या सुटीशी जोडते. दोन्ही कथांतील परिस्थिती मात्र सारखीच आहे. वेळ थोडा, भूक मोठी आणि पोळ्या लाटून देणारे जवळ कोणी नाही.

ही उणीव पावाने भरून काढली. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. गोव्यात पोदेर मंडळींनी तो घरोघरी पोहोचविला, तर मुंबईत इराणी आणि इतर बेकऱ्यांनी लादी पाव स्वस्त व मुबलक केला. पोळी-भाकरीला चूल, पीठ आणि करणारा हात लागतो. पावाला यांपैकी काहीच लागत नाही. रात्री दोन वाजताही तो तव्यावर क्षणभर शेकला की जेवण तयार होते.

दादर स्थानकाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडापावाची गाडी सुरू केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच काळात गिरणगावात घरोघरी महिला खाणावळी चालवीत होत्या. या महिलांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि बेकार झालेल्या अनेक कुटुंबांनी खाद्यपदार्थांच्या गाडीचा आधार घेतला. काल जो गाडीचा ग्राहक होता, तोच आज गाडीचा मालक झाला.

गिरणीचा भोंगा थांबला, पण रात्रपाळी थांबली नाही. रुग्णालयांतील परिचारिका, सुरक्षा रक्षक, रिक्षा-टॅक्सीचालक, सफाई कामगार, बाजार समित्यांतील माथाडी, कॉल सेंटरमधील तरुण आणि अलीकडे घरपोच अन्न पोहोचविणारे दुचाकीस्वार यांची भूक अवेळीच जागी होते. शासनाने स्वस्त जेवणाच्या योजना आखल्या, पण त्यांची दृष्टी दिवसावर राहिली. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, परंतु ती दुपारच्या जेवणापुरती आखलेली होती. रात्रपाळीच्या माणसाची थाळी गाडीवाल्यानेच वाढली.

बाजार बंद, पण शिधा तयार

रात्रीच्या पदार्थांची यादी नीट पाहिली, तर त्यांतील साम्य ध्यानात येते. अंडी, कांदा, बटाटा, वाळलेले वाटाणे, मटकी, हरभरे, शेव, फरसाण आणि पाव हे सारे शीतकपाटाविना टिकणारे जिन्नस आहेत. मध्यरात्री मंडई बंद असते, म्हणून ताज्या पालेभाजीवर कोणी गाडी चालवू शकत नाही. टिकाऊ शिधा, एक तवा आणि प्रखर आच एवढ्यावर जे झटपट होईल, तेच रात्रीचे अन्न ठरते.

अंडाभुर्जी हे याचे उत्तम उदाहरण. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर आधीपासून तयार असते. फोडलेली अंडी तव्यावर उलथन्याने मोकळी करून पावाबरोबर देण्यास काही मिनिटे पुरतात. चायनीजच्या गाड्यांचेही असेच आहे. मंच्युरियन या पदार्थाचे श्रेय मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामधील नेल्सन वाँग यांना १९७५ पासून दिले जाते. क्लबातला तो पदार्थ पुढे गाडीवर आला, त्याला शेजवान चटणी मिळाली आणि तळलेल्या नूडल्सची चायनीज भेळ त्याच्या शेजारी येऊन बसली. चीनशी त्याचे नाते नावापुरते उरले असले, तरी रात्री बाराला शिजवलेला भात खमंग करून विकण्याची युक्ती म्हणून ती यशस्वी ठरली.

गावोगावचा रस्सा

प्रत्येक प्रदेशाने ही भूक आपापल्या पद्धतीने भागविली आहे. नागपुरात साध्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतली जाते. कोरड्या पोह्यांना ओलावा आणि पोटाला आधार, दोन्ही तिच्यामुळे मिळते. त्याच शहरातील सावजी जेवण हे हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून पुढे आले. जवसाचे तेल, भाजलेला मसाला आणि मटण ही त्याची जुनी ओळख. मागावर दिवसभर राबणाऱ्या समाजाचे हे जेवण आज भोजनालयांतून विकले जाते.

खानदेशात हा मान शेवभाजीचा. काळ्या मसाल्याचा रस्सा आधी उकळून ठेवतात आणि जाड, तिखट शेव वाढतेवेळी सोडतात, म्हणजे ती विरघळत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील ढाब्यांना ही भाजी सोयीची आहे. ट्रक कोणत्याही प्रहरी येवो, रस्सा गरम करून शेव घातली की ताट तयार. कोल्हापूर आणि नाशिक येथे मिसळ ही सकाळची असली, तरी उसळ, फरसाण आणि कट अशी तिची रचनाही याच घराण्यातली.

गोव्यात संध्याकाळनंतर गाड्यांवर रस-आमलेट मिळते. कांदा-मिरचीचे आमलेट, त्यावर शाकुतीचा नारळयुक्त गरम रस आणि सोबत पाव. मटणाचे किंवा कोंबडीचे तुकडे परवडोत न परवडोत, रस्साची चव मात्र सर्वांना परवडते. महाराष्ट्राबाहेर, होळकरांच्या इंदुरात, सराफ्यातील दागिन्यांची दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाद्यपदार्थ मांडले जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत भुट्ट्याचा कीस, गराडू व भलेमोठे जलेबे विकले जातात. वर्दळीमुळे बंद दुकानांची राखण होते, हा या प्रथेमागील हेतू जुने लोक सांगतात. एकाच जागेचा दिवसा एक आणि रात्री दुसरा उपयोग, ही त्या बाजाराची शिकवण आहे.

तेल का आवडते, का बाधते?

कांदा-मसाला तेल सुटेपर्यंत परतला की मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, कारण हे दोन्ही घटक पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. रश्शावर तरंगणारा तवंग म्हणजेच कट. तो खालच्या रश्श्याची वाफ रोखून त्याला अधिक वेळ गरम ठेवतो. थंडीत गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ही ऊब हवी असते. तिखट लागल्यावर पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही. ताक किंवा सोलकढी अधिक लवकर आराम देते.

अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढते आणि मन तळलेल्या, गोड वा खारट पदार्थांकडे ओढ घेते, हे संशोधनातून दिसून आले आहे. दुसरीकडे, रात्रीच्या वेळी शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. त्यामुळे भूक लांबते खरी, पण खाऊन लगेच आडवे झाल्यास छातीत जळजळ होते. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसभरात सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसे मानले आहे. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. लोणी घातलेल्या एका ताटात ही मर्यादा सहज गाठली जाते.

तेलाच्या प्रमाणाइतकीच चिंता त्याच्या वयाची आहे. तळण साधारणपणे १७० ते १९० अंश सेल्सिअसला होते. वड्यातील पाण्याची वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. तेल पुरेसे तापलेले नसेल किंवा कढई गच्च भरली, तर कवच उशिरा धरते आणि वडा तेल पितो. पण तेच तेल पुनःपुन्हा तापविले की ते काळवंडते, दाट होते, त्यावर न विरणारा फेस येतो आणि त्यात अपायकारक संयुगे साचतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे असलेले तेल वापरण्यास मनाई आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवावी, असा नियम १ मार्च २०१९ पासून लागू झाला. वापरलेले तेल गोळा करून त्यापासून जैवडिझेल बनविण्याचा उपक्रमही २०१८ मध्येच सुरू करण्यात आला. मोठ्या उपाहारगृहांनी टाकून दिलेले तेल स्वस्तात छोट्या कढईत येऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता.

अडचण अशी, की ५० लिटरची मर्यादा गाडीवाल्याला लागू होत नाही आणि तेल तपासण्याचे उपकरण त्याच्यापाशी नसते. रात्र संपताना कढईत उरलेले तेल फेकणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईतील हिस्सा फेकणे होय. त्यामुळे दंडापेक्षा प्रभागनिहाय तेल गोळा करून त्याचा मोबदला देण्याची सोय अधिक परिणामकारक ठरू शकते.

दुकान उघडे, गाडी उभी कुठे?

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा दुकाने आणि उपाहारगृहांना चोवीस तास व्यवसायाची मोकळीक देतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत निवासी वस्तीबाहेरील मॉल व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याचे धोरण लागू झाले, पण दोन महिन्यांतच टाळेबंदीने सारे ठप्प झाले. या तरतुदींचा लाभ मुख्यतः भिंती असलेल्या आस्थापनांना. गाडीवाल्याला २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि शहर फेरीवाला समितीत विक्रेत्यांचे ४० टक्के प्रतिनिधी, अशी त्याची रचना आहे. अनेक शहरांत ती दीर्घकाळ कागदावर राहिली.

जागेचा पेच याहून बिकट आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. पुढे १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मज्जाव कायम केला. गर्दीच्या वेळी हा नियम योग्यच. पण रात्रीचा ग्राहक नेमका स्थानकापाशीच उतरतो आणि मध्यरात्रीनंतर तेथे गर्दी नसते. दिवसा आणि रात्री एकाच जागेसाठी वेगळी मुभा असावी काय, याचा विचार समित्यांनी करण्यासारखा आहे.

पावाचे गणितही बदलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्रदूषण रोखण्यासाठी मुंबईतील बेकऱ्यांना लाकूड-कोळशाऐवजी स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हवा सुधारणे निकडीचे आहेच, तथापि भट्टी बदलण्याचा खर्च अखेर लादी पावाच्या किमतीत उतरण्याची शक्यता बेकरीचालक बोलून दाखवितात.

गाडीवर खाताना हे पाहावे

- तेलाचा रंग आणि वास : काळपट, खवट वासाचे किंवा सतत धूर सोडणारे तेल असल्यास तळलेला पदार्थ टाळावा.
- समोर शिजलेला पदार्थ : तव्यावर डोळ्यांदेखत झालेली भुर्जी ही तासन्‌तास कोमट राहिलेल्या रश्श्यापेक्षा सुरक्षित.
- पाणी आणि बर्फ : अनेकदा तेलापेक्षा बाधा यांचीच होते. चटणी पाणी घालून पातळ केलेली असते, हेही लक्षात ठेवावे.
- कागद : छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ वृत्तपत्राच्या कागदात बांधण्यास नियमांनुसार मनाई आहे. पार्सलसाठी घरचा डबा न्यावा.
- वेळ : खाणे आणि झोप यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. रात्रपाळीत असल्यास मुख्य जेवण कामाला निघण्यापूर्वी घ्यावे आणि मध्यरात्री हलके खावे.
- जोड : कांदा, लिंबू, काकडी आणि शक्य असल्यास ताक. लोणी कमी घालण्यास सांगितले, तर गाडीवाला नाराज होत नाही.

मुंबईची शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास निघते आणि पहिली पहाटे चारच्या आसपास. या तीन तासांत शहरात जागे असलेल्यांपैकी अनेकांपाशी परतीची गाडी नसते, घरचे ताट नसते, आणि महागड्या उपाहारगृहात बसण्याजोगा खिसाही नसतो. स्वच्छ पाणी, ताजे तेल, उभे राहण्याची अधिकृत जागा आणि कचऱ्याची सोय एवढे मिळाले, तर त्यांच्या पुढ्यातील बशी आजच्याइतकीच चविष्ट आणि आजच्यापेक्षा निर्धोक होऊ शकते. यांतील बहुतेक गोष्टी महापालिकेच्या अखत्यारीतील आहेत.