पोवाड्यातले लग्न

पोवाडा हे मुळात गाण्याचे नाव नव्हे. ज्ञानेश्वरीत ‘पवाडा’ येतो तो पराक्रम, थोरवी या अर्थाने. पराक्रम गाणाऱ्या रचनेला तेच नाव मागाहून चिकटले. करणी आणि तिचे गाणे एकाच शब्दात राहू लागली, की एकातले दुसऱ्यात मिसळणारच. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. पण उमरठ म्हणताच डोळ्यांपुढे उभे राहते ते रायबाचे लग्न, ऐंशीचे शेलारमामा, मांडव सोडून निघालेला बाप. आणि हे सगळे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातले. कोंढाणा फेब्रुवारी 1670 मध्ये घेतला, तानाजी तिथे पडले, हे पक्के. सभासदाच्या बखरीतही ती रात्र आहे, मात्र तिथे मावळे कडा चढतात ते आपल्याच हातापायांनी. पोवाड्यातली कडा चढणारी घोरपड नाही, लग्नही नाही.

मग पोवाड्यात लग्न आले कुठून? माझ्या मते त्याचे उत्तर गोंधळात आहे. लग्नानंतर कुळदेवीचा गोंधळ घालायचा, आधी देवदेवतांना बोलावायचे आणि मग रात्रभर आख्यान लावायचे, हा गोंधळ्यांचा शिरस्ता. पोवाड्याचा सरंजाम तिथलाच: संबळाच्या जागी डफ आला, तुणतुणे आणि झांज तीच राहिली. झीलकरी शाहिराच्या मागे उभा राहतो, एका तारेवर सूर धरून ठेवतो आणि ओळीचे शेपूट उचलून वर नेतो. तेवढ्यात शाहीर दम घेतो. अशा गाण्याचे श्रोते मांडवाखालीच बसलेले. पोराचे लग्न टाकून गड घ्यायला जाणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. कोंढाण्याचा कडा त्यांतल्या कितींनी पाहिला असेल?

यावर कोणी म्हणेल, 1659 च्या प्रसंगावरचा अज्ञानदासाचा अफजलखानाचा पोवाडा घ्या, त्यात कुठे लग्न आहे? खरे आहे. पण त्यात भवानी आहे, आणि गोंधळ तिचाच असतो. शिवाय वळण एक असले म्हणजे प्रत्येक आख्यानात वरात हवीच असे नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी हे पोवाडे छापले 1891 मध्ये. तोवर ते तोंडातोंडी फिरत होते, तेव्हा कोणता तपशील कोणाचा, हे कसे ठरवणार? नाही ठरवता येत. म्हणूनच लग्न तुळशीदासाने रचले असा माझा दावा नाही. रायबाचे लग्न खरोखर ठरलेलेही असेल. इतक्या तोंडांतून जाताना ते गळले नाही, उलट कथेचे दारच होऊन बसले, याचे कारण मांडवात आहे, एवढेच मी म्हणतो.

याचा अर्थ पोवाडा पुरावा म्हणून टाकाऊ, असाही नव्हे. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण शाळेपासून ऐकतो. पोवाड्यात जिजाऊ प्रतापगडावरून ज्या गडाकडे पाहतात, त्याचे नाव तानाजीला बोलावणे जाण्याआधीच सिंहगड आहे. शिवाजी महाराजांच्या 1663 च्या पत्रातही तो सिंहगडच आहे.